नवी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही घेऊ की जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११? रोज वाड्यावस्त्यांवर जायचंय

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. गाय अडली, म्हैस उठेना, असा फोन आला की वाडी गाठावीच लागते. रोज साठ-सत्तर किलोमीटर होतात. निम्मं डांबर, बाकी मुरूम, दगड आणि पावसाळ्यात तांबडा चिखल. सध्याची १२५ सीसी नऊ वर्षांची आहे. गेल्या श्रावणात ओढा ओलांडताना तिचं पुढचं चाक दोन गोट्यांत अडकलं, इंजिनला खालून दगड बसला आणि गाडी तिथंच बंद. लाळ्या-खुरकूतच्या लसींचा बर्फाचा डबा डोक्यावर घेऊन दीड किलोमीटर चालत गेलो. लस २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते, त्यामुळे थांबायची सोय नव्हती.

कराडात एक २०१९ ची हिमालयन बघून ठेवलीय, ३१ हजार किलोमीटर चाललेली, सव्वा लाख म्हणतायत. घरचे म्हणतात कर्ज काढ, पण नवीच घे. माझं मन मात्र हिमालयनवर आहे. ३२ एनएम टॉर्क (ओढायची ताकद), लोड घेऊन चढ चढताना सारखा गिअर बदलावा लागत नाही. माझी उंची पाच फूट चार. काय करू?

घाटवाट_सातारा
हिमालयन घ्या राव. सीट ८०० मिलिमीटर, एक्सपल्सची ८२५. तुमच्या उंचीला पाय नीट टेकतील. उरलेल्या पैशात टायर आणि सर्व्हिसिंग होऊन जाईल.

चेन_वंगण
भाऊ, सहा वर्षं ४११ वापरतोय आणि जीव आहे तिच्यावर, म्हणून खरं सांगतो. लांबच्या प्रवासाला तिच्यासारखी सोबत नाही. पण तुझं काम वेगळं आहे. ती १९० किलोच्या वर, एक्सपल्स १६० च्या आसपास. डांबरावर हा फरक कळतसुद्धा नाही. चिखलात आडवी झाली की कळतो. कुंभार्ली उतरून आत एका कच्च्या वाटेवर माझी गाडी कुशीवर गेली होती. पाठ टेकवून, हँडल धरून तीनदा जोर लावला आणि तिन्ही वेळा बूट चिखलात सरकले. शेवटी गवताचे भारे घेऊन चाललेल्या दोन मावश्यांनी हात दिला तेव्हा उठली. तू तर एकटाच असतोस, रात्री-अपरात्रीही जातोस.

तरीही बघायला जाणारच असशील, तर मालकाला आधीच सांग, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनजवळ हात नेऊन बघ, गार पाहिजे, म्हणजे गार असताना कशी चालू होते ते कळतं. मग मधल्या स्टँडवर घे, कुणाला तरी मागून दाबायला सांग, पुढचं चाक अधांतरी येऊ दे आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरव. मध्यावर खाचेत बसल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेलाय. स्पोकवर पान्याने टिचकी मारत जा, जो बद्द वाजेल तो सैल. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर तेलाचा ओलसर पट्टा दिसतो का बघ. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र (एनओसी) हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. २०१९ मध्ये नवीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळायचा, तो कधीच संपला. पुढे भरलाय का ते विचार. चलानं ऑनलाइन दिसतात, तीही बघून घे.

आणि एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नव्या-जुन्याचा हिशोब त्याआधी मांडला असशील तर परत मांड.

चिपळूणची_ताई
माझी उंची पाच फूट दोन, एक्सपल्स तीन वर्षं रोज चालवते. ८२५ च्या आकड्याला घाबरू नका. बसलं की सस्पेन्शन दबतं, आणि थांबताना कंबर जरा बाजूला सरकवून एकच पाय पूर्ण टेकवायचा. आठवड्याभरात अंगवळणी पडतं. हायवेवर मात्र नव्वदच्या पुढे ती दमते, १९ बीएचपीत तेवढंच. स्पोकचं चाक, आत ट्यूब, म्हणजे पंक्चर काढायला स्वतः शिकाच. पुढची २१ इंची आणि मागची १८ इंची, दोन्ही ट्यूब जवळ ठेवा. वाडीत मिळणार नाहीत.

कोयनाकाठ
रविवारी कराडला जाऊन आलो. इंजिन गार होतं, कागद स्वच्छ, माणूसही सरळ. हँडल मध्यावर किंचित अडकत होतं, ते त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि पाच हजार कमी करतो म्हणाले. गाडी मनापासून आवडली. पण त्यांच्या अंगणाला थोडा उतार आहे. उतारावर खाली तोंड करून लावलेली गाडी मागं ढकलत वर घ्यायला गेलो, हातभर सरकली आणि थांबली. ओढ्याकाठी हेच करायची वेळ आली तर, हाच विचार डोक्यात राहिला. संध्याकाळी एक्सपल्स चालवून बघितली. तसल्याच चढावर एकट्यानं मागं घेतली, वळवलीही. दुसऱ्या दिवशी बुकिंगचे पैसे भरले.

ताई, एक विचारायचं होतं. हिचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे. बर्फाचा डबा मागे कॅरिअरवर मधोमध ठेवला तर धग लागेल का? वेल्डरला माप द्यायचंय.

चिपळूणची_ताई
मधोमध नको, डावीकडे घ्या. माझी उजवीकडची कापडी बॅग सायलेन्सरला टेकून करपली होती. डबा डाव्या बाजूला, तळाशी रबराची पट्टी, आणि दोन पट्टे आडवे घ्या, एक उभा.