करवंदाला फुलं भरपूर, फळ एकही नाही. काय करू?

मुलुंडची_गच्ची
नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो, इमारतीच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. गच्चीवर निळ्या पिंपात चार वर्षांपूर्वी करवंद लावलं. रोपवाटिकेतून आणलं तेव्हा वीतभर होतं, आता माझ्या खांद्याला लागतं. काटे असे की पाणी घालताना ओढणी हमखास अडकते. फुलं पांढरीशुभ्र, संध्याकाळी दार उघडलं की घमघमाट. पण दोन दिवसांत सगळी गळून खाली सडा. चार वर्षांत एक करवंद धरलं नाही.

आई ८१ वर्षांची आहे, सावंतवाडीकडची. गुडघ्यांमुळे गावी जाणं बंद झालंय. चैत्र लागला की तिला कच्च्या करवंदांचं लोणचं आठवतं, आणि ती मागत नाही, नुसतं सांगते की आमच्याकडे असं करायचे. पिकलेली करवंदं स्टेशनबाहेर मिळतात, लोणच्याची कडक हिरवी मला इकडे कधी दिसली नाहीत. म्हणून हे झाड.

ऊन दिवसभर आहे. शेणखत देते. गेल्या गणपतीतही झाड फुललेलं होतं, म्हणजे तब्येत चांगली असावी. छाटू का? खत कुठलं कमी पडतंय?

अंधेरी_कुंडीवाला
शेणखताने पानंच वाढतात, थोडं हाडांचं खत देऊन बघा. नाहीतर सरळ ठाण्याच्या येऊरला जा, करवंदाच्या जाळ्याच जाळ्या आहेत. पावसात एक छोटं रोप उपटून आणायचं.

बोरिवलीची_आत्या
ताई, खताचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की गणपतीतही फुलं होती. माझं लक्ष तिथेच अडलं. आपलं डोंगरातलं करवंद फुलतं ते थंडी सरता सरता, माघ-फाल्गुनात. मग एप्रिल-मेमध्ये फळ काळं होतं आणि पाऊस लागला की संपलं. भाद्रपदात भरभरून फुलणारं करवंद मी तरी पाहिलेलं नाही.

एक करा. ताजं फूल रुपयाच्या नाण्यावर ठेवा. करवंदाचं फूल साधारण नाण्याएवढंच भरतं, पाकळ्या अरुंद, कळीला बहुधा गुलाबी झाक, आणि फांदीच्या टोकाला झुबकाच्या झुबका. तुमचं फूल नाण्याबाहेर सगळीकडून चांगलं आलं, पाकळ्या जाड मेणासारख्या असल्या आणि पानं गर्द चकचकीत असली, तर ते नाताळ प्लम आहे. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रकाठचं झुडूप, नाव तिथल्या नाताळ प्रांतावरून, सणाशी संबंध नाही. करवंदाचंच भावंड, दोघांनाही तोच पांढरा चीक, दोघंही कण्हेरीच्या कुळातली. खारा वारा सोसतं म्हणून मुंबईत कुंपणाला लावतात, आणि काही ठिकाणी ते करवंद म्हणूनच विकलं जातं. काट्यावरून ओळखायला जाऊ नका. नाताळ प्लमचा काटा बेचकीसारखा दुभंगलेला असतो हे खरं, पण आपल्या करवंदाचेही काटे जोडीने येतात आणि कधी कधी टोकाला फुटतात.

नाताळ प्लम असेल तर फळ न धरण्याचं कारणही बहुतेक मिळालं. एकट्या झाडावर परागीभवन नीट होत नाही. त्याच्या मायदेशी रात्री उडणारे किडे आणि बारीक भुंगेरे ते काम करतात. संध्याकाळी वास सुटला की चित्रकलेचा मऊ ब्रश घ्या, टोक फुलाच्या नळीत अलगद फिरवा, मग दुसऱ्या फुलात. दुसऱ्या झाडाच्या फुलातले पराग मिळाले तर फार उत्तम. फळ लांबट, लालभडक, करवंदापेक्षा कितीतरी मोठं. पूर्ण लाल आणि बोटाला मऊ लागल्यावरच खायचं. पानं, फांद्या, चीक तोंडात नाही. जेली छान होते, फक्त शिजवताना चीक पातेल्याच्या कडेला चिकटून बसतो, त्यामुळे नेहमीचं आवडतं पातेलं घेऊ नका.

आता आईंच्या लोणच्याचं. त्याला आपलंच करवंद हवं. मे महिन्यात स्टेशनबाहेर पानाच्या द्रोणात घेऊन बसलेल्या बायकांकडून चांगली काळी, टपोरी करवंदं घ्या. खा, आणि बिया फेकू नका. गर धुऊन त्याच आठवड्यात पेरा, बी वाळवून ठेवलं की उगवण झपाट्याने घटते. पावसाळ्यात रोपं अंग धरतात. फळाला मात्र तीन-चार वर्षं लागतात, हे आधीच सांगते. म्हणून आईंसाठी यंदाच त्या बाईंना विचारून ठेवा: "पुढच्या वर्षी होळीनंतर हिरवी आणाल का?" मी असंच सांगून ठेवते आणि आणतात त्या.

हिरवी करवंदं चिरताना हाताला आणि विळीला तेल लावा, नाहीतर चिकाने बोटं एकमेकांना चिकटतात. अर्धी करून बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची. पाणी गढूळ होतं, तो चीक. निथळून, कापडावर कोरडी करून मग मोहरीची डाळ, तळून कुटलेली मेथी, हिंग, हळद, तिखट, आणि गूळ हवा तर. आमच्याकडे गूळ हवाच.

@अंधेरी_कुंडीवाला, येऊर राष्ट्रीय उद्यानातच येतं हो. तिथून रोप काय, काहीही उपटून आणायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. आणि ती जाळी जागेवरच हवी. गुरं काट्यांत सहसा तोंड घालत नाहीत, म्हणून तिच्या पोटात दुसऱ्या झाडांची रोपं वाढतात.

अंधेरी_कुंडीवाला
येऊरचं माहीत नव्हतं, माझं वाक्य मागे घेतो. काळं करवंद फोडून कोंबडा की कोंबडी करायचो ते आठवलं. आत लाल निघालं की कोंबडा.

मुलुंडची_गच्ची
आत्या, फूल ठेवलं. नाणं पूर्ण झाकलं गेलं, दिसेनाच. चार वर्षं करवंद समजून वाढवलं, वाईट वाटलं. झाड काढणार नाही. आज सातला ब्रश घेऊन अकरा फुलं केली, त्या फांद्यांना लाल दोरा बांधलाय.

आईला तुमची कृती वाचून दाखवली. ती म्हणाली, मिठाच्या पाण्यातून काढल्यावर एक करवंद चाखून बघायचं, घशाला ओढलं तर आणखी एक रात्र. आणि मेथी तेलात नाही, तुपात तळायची.