समुद्र बघायला घरच्यांना घेऊन कुठे गेलात? अनुभव सांगा

रामबागवाली
परवा माळा आवरताना आईची जुनी पर्स सापडली. आतल्या छोट्या कप्प्यात बोट घातलं तर वाळू, अजूनही. 1999 च्या मे महिन्यातली गुहागरची वाळू आहे ती, कारण त्यानंतर आई समुद्रावर गेलीच नाही. कोकण रेल्वे आदल्याच वर्षी पूर्ण सुरू झाली होती म्हणून बाबांनी हौसेनं ठरवलं होतं, इंदूरहून अवंतिकानं मुंबई, तिथून चिपळूण आणि पुढे एसटी, सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले. पण आई साडीचा काठ मुठीत धरून घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढली गेली तशी तिनं बाबांचा कोपर घट्ट धरला, "अहो, जमीन सरकतेय हो!" चारचौघांत बाबांचा हात धरलेली आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आता दिवाळीच्या सुटीत जायचं म्हणतोय. सासरे 79 चे, गुडघे दुखतात, आणि त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. मुलं 6 आणि 11. गोवा, कोकण की दीव यावर घरी रोज चर्चा होऊन राहिलीय. तुम्ही कुठे गेलात, काय जमलं, काय नाही, सगळं लिहा.

दांडिया बाजार
वाळूचं वाचून डोळे भरले ताई. ती पर्स धुऊ नका.
आमचं सांगते. बडोद्याहून जवळ पडतं म्हणून पोरांना कावी-कंबोईला नेलं. भरतीला अख्खं शिवमंदिर पाण्याखाली जातं आणि ओहोटीला परत वर येतं, दर्शन खरंच विलक्षण. पण मुलगी बादली-फावडं घेऊन आली होती ने! खंभातच्या आखातात सगळा गाळ, वाळूचा किल्ला कसला करणार, ती परतीच्या वाटेवर रडत झोपली. म्हणून आधी ठरवा, दर्शन हवंय की खेळायला वाळू. आखात आणि खुला समुद्र यात खूप फरक असतो.

स्नेहलतागंज
मी फक्त राहण्याबद्दल लिहिते, कुकर लावलाय. फोनवर "समुद्राला लागूनच" म्हणाले, पोचलो तर मधे खाडीचा नाला, दोन किलोमीटरचा वळसा, खोली दुसऱ्या मजल्यावर आणि भारतीय पद्धतीचं संडास. सासूबाई तीन दिवसांत एकदा समुद्रावर आल्या. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या आणि आम्ही आलो की विचारायच्या, "आज पाणी कुठपर्यंत आलं होतं?" मला अजून वाईट वाटतं. आता मी मालकाला व्हिडिओ कॉलवर खोलीपासून पाण्यापर्यंत चालायला सांगते. तळमजला, कमोड, आणि वाटेत पायऱ्या किती, हे तीन प्रश्न आधी.

लष्कर ग्वाल्हेर
आम्ही गोव्यालाच जातो, ग्वाल्हेरहून गोवा एक्सप्रेस थेट आहे, म्हाताऱ्यांना गाडी बदलायला लागत नाही हे फार मोठं. मंगला पण आहे, रत्नागिरीला उतरा आणि गणपतीपुळे. देऊळ अगदी किनाऱ्यावर, आजोबा देवळाच्या बाजूला बसून समुद्र बघू शकतात. पण तिथलं पाणी फसवं आहे हो, पोरांना घोट्याच्या पुढे सोडू नका. पाटी वाचा आणि ऐका.

मालवणचा जावई
इंदूरचाच, सासर मालवण. तारकर्ली सुंदर आहे, कर्ली नदीतून होडीत फिरता येतं, पण सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीत चढता-उतरताना गुडघेवाल्यांचे हाल होतात. मीही माझ्या बाबांना अर्ध्यातून परत आणलं होतं.
खरी गोष्ट सासऱ्यांनी शिकवली ती सांगतो, कारण जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. तिथून सहा तास मागे-पुढे ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी फार वर येतं आणि जोरही फार, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र त्या मानानं शांत. सासरे कॅलेंडर न बघता सांगायचे, मी अजून बोटं मोजतो.
म्हाताऱ्या माणसाला ओहोटीच्या वेळी न्या. ओली वाळू घट्ट असते, काठी रुतत नाही. कोरड्या वाळूत चार पावलं टाकली की ती माणसं दमतात आणि मग म्हणतात, "तुम्ही जा, मी बसतो इथेच."

स्नेहलतागंज
हेच! सासूबाई हेच म्हणायच्या. हे कुणी आधी सांगितलं असतं तर.

पोहे-जलेबी
सोमनाथ-दीवचा विचार करा. इंदूर-वेरावळ गाडी आहे, आठवड्यातून एकदाच, तेवढं बघा. वेरावळहून सोमनाथ जवळच, मग गाडी करून दीव. घोघलाचा किनारा स्वच्छ आहे, ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्याचं मानांकन) मिळालेला. माझी आई सोमनाथच्या मागच्या कठड्याला धरून अर्धा तास उभी होती, काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "एवढं पाणी असूनही वर येत नाही बघ."
तिकिटाचं, आता 60 दिवस आधीच आरक्षण उघडतं, 120 राहिले नाहीत. दिवाळीचं असेल तर त्या दिवशी सकाळी आठला बसा.

बडोद्याची माई
कोकमं कुठे मिळतात इंदुरात कुणी सांगेल का, सून तिथली आहे आणि डोहाळे लागलेत, सोलकढी हवीय म्हणते.

मालवणचा जावई
माई, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) देतो, घरी दोन बाटल्या आहेत. आगळात मीठ असतं, वेगळं घालू नका म्हणावं.

दांडिया बाजार
अभिनंदन माई!! कितवा महिना?

बडोद्याची माई
तिसरा. देव बरं करो जावईबापू.

मुरूड-दापोली
रामबागवाली ताई, गुहागरच का नाही? लांबच लांब सपाट किनारा, घरांच्या मागच्या बाजूला सुरूची झाडं आणि लगेच वाळू, चढ नाही. व्याडेश्वराचं देऊळ गावातच. जेवण घरगुती. चिपळूणला उतरून गाडी करा, सासऱ्यांना एसटी नको.

रामबागवाली
सगळ्यांना खूप धन्यवाद. जावईबापूंचं तिथीचं वाचून दाखवलं तर सासरे लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाटेवर घेऊन बसले. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे पाडवा-भाऊबीजेला उधाण, ते दिवस नको म्हणाले. चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-दहाला ओहोटी येते, तेव्हा न्या मला, असं त्यांनीच ठरवलंय. गुहागर नक्की. तळमजला आणि कमोड विचारून झालं, मालक उद्या व्हिडिओ दाखवणार आहेत. पर्स धुतली नाही.

पोहे-जलेबी
बाबांना नवीन काठी घ्या, खाली रबर मोठं असलेली.

बडोद्याची माई
आगळ कुठून घ्यायचं, सुनेला पाठवते.

मालवणचा जावई
संध्याकाळी सातनंतर केव्हाही, पत्ता निरोपात पाठवतो माई.