घरी काढलेलं माक्याचं तेल पंधरा दिवसांत बिघडलं, कोंडाही वाढला. कृतीत कुठे चूक होते आहे?

पाणवठा (धागाकर्ती)

मदत हवी आहे. कृती जशी केली तशीच लिहिते, म्हणजे जाणकारांना चूक लगेच दिसेल.

अर्धा लिटर खोबरेल तेल, साधारण 200 ग्रॅम ताजा माका (मुळासकट, धुऊन) आणि जास्वंदीची 15-20 पानं. सगळं अख्खंच तेलात टाकून मध्यम आचेवर 20 मिनिटं उकळलं. पानं हिरवीच होती, थोडी मऊ पडली होती. रात्रभर तसंच झाकून ठेवलं, सकाळी गाळून प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. आठवड्याने तळाशी गढूळ थर दिसला. पंधराव्या दिवशी आंबूस-कुबट वास यायला लागला.

हे तेल एक दिवसाआड रात्री टाळूला चोळून सकाळी शिकेकाईच्या पुडीने केस धुतले. पुडी पाण्यात कालवून थेट डोक्याला. तीन आठवड्यांत कोंडा वाढला. तो सुटा पांढरा नाही, पिवळसर चिकट आहे, नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. केस धुतल्यावर काथ्यासारखे राठ लागतात.

प्रश्न तीन: तेल का बिघडलं? कोंड्यासाठी तेल बदलू की बंद करू? शिकेकाई नीट कशी वापरायची?

खलबत्ता

तेलापुरतं मी लिहितो, कोंड्याचं दुसरं कुणी सांगेल.

आधी वासाचा फरक. आंबूस-कुबट वास आणि तळाशी गढूळ थर म्हणजे तेलात पाणी राहिलं. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला असता तर ते खवट होणं, म्हणजे हवा लागून तेलच बिघडणं. तुमचं दुखणं पहिलं आहे. ताज्या पाल्यात बहुतांश पाणीच असतं. 20 मिनिटांत ते अर्धंही उडत नाही, आणि पानं हिरवी, मऊ राहिली हाच त्याचा पुरावा. रात्रभर झाकण ठेवलंत तेव्हा झाकणाला धरलेली वाफही परत तेलातच ठिबकली.

ग्रंथोक्त तैलपाकात, म्हणजे औषधी तेल शिजवण्याच्या कृतीत, हे सगळं बांधून दिलेलं आहे. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातलं साधारण प्रमाण असं: कल्क (वनस्पतीचा वाटलेला गोळा) 1 भाग, तेल 4 भाग, द्रव 16 भाग. घरच्यासाठी 200 मिली तेल, 50 ग्रॅम कल्क, 800 मिली रस. पहिल्या वेळी यापेक्षा जास्त काढू नका.

माका पांढऱ्या फुलाचा हवा. पिवळ्या फुलाचाही माका म्हणूनच मिळतो, पण ती वनस्पती वेगळी. ओळख सोपी आहे: पांढऱ्या फुलाच्या माक्याचं पान तळहातावर चुरडलं की रस थोड्याच वेळात काळपट पडतो आणि बोटांवर डाग राहतो.

पाला धुऊन पंख्याखाली पसरा, वरचं पाणी पूर्ण जाऊ द्या. मग वाटून फडक्यातून पिळा. रस कमी पडला तर चोथा थोड्या पाण्याबरोबर पुन्हा वाटून पिळा. हा निखळ स्वरस (पाणी न घालता काढलेला रस) नव्हे, पण घरगुती तेलाला चालतो. कल्कासाठी 25 ग्रॅम माक्याचा वाटलेला गोळा आणि 25 ग्रॅम आवळकाठीची पूड पाण्यात भिजवून. अख्खी पानं टाकू नका. त्यांच्या आतलं पाणी निघायला वेळ लागतो आणि तोवर कडा करपतात.

भांडं जाड बुडाचं आणि खोल घ्या, तेल-रस मिळून एक तृतीयांशच भरेल इतकं. पाल्याच्या रसाला फेस येतो आणि तो बघता बघता उतू जातो. आच मंद ठेवा. उलथनं सपाट तोंडाचं घ्या आणि तळ खरवडत राहा, कारण कल्क खाली बसतो आणि तिथेच आधी जळतो. हे काम एका दिवसात उरकू नये असं ग्रंथ सांगतात. मध्ये थांबायचं असेल तर एकदा खळखळ उकळू द्या, मग आच बंद करा आणि भांड्यावर झाकणाऐवजी कोरडं फडकं टाका.

शेवटची पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. पाणी असेतो मिश्रण 100 अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून तासन्‌तास काही बिघडत नाही. पाणी संपलं की तेल भराभर तापतं आणि मग पाच मिनिटांच्या दुर्लक्षात कल्काचा कोळसा होतो. त्या वेळी तिथून हलू नका, कान भांड्याकडे ठेवा. आधी खदखद असते, मग बारीक चुरचुर, मग आवाज थांबतो. मोठे बुडबुडे जाऊन पृष्ठभागावर बारीक फेस धरतो. तेलात असा फेस येणं ही पाक झाल्याची खूण. तुपात उलट, तिथे फेस बसतो.

आता चमच्याच्या टोकाने थोडा कल्क काढा, निवू द्या, दोन बोटांत वळा. चिकटला आणि ओलसर लागला तर मृदू पाक. बोटाला न चिकटता त्याची वात वळली तर मध्यम. वात वळताना कडांनी किंचित तुटायला लागली तर खर. डोक्याला लावायच्या तेलाला मध्यम संपून खर सुरू होतो तिथे थांबा. त्यापुढे गेला तर दग्ध पाक, तो टाकूनच द्यायचा. खात्री करायची असेल तर वळलेली वात ज्योतीवर धरा. तडतडली तर पाणी आहे, शांत जळली तर काम झालं.

कोमट असतानाच कोरड्या सुती फडक्यातून गाळा. एक दिवस न हलवता ठेवा. दुसऱ्या दिवशी वरचं तेल हलकेच ओतून घ्या, तळातलं बोटभर तसंच सोडा. त्या गाळाचा मोह नको, ओलसर कण त्यातच असतात. बाटल्या काचेच्या, गडद रंगाच्या, छोट्या आणि आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवलेल्या. गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. ओलं बोट किंवा ओला चमचा बाटलीत गेला की वरची सगळी मेहनत पाण्यात.

पाणवठा

इतकं बारकाईने लिहिलंत, आभार. चूक नक्की कळली. दोन शंका: लोखंडी कढई चालेल का? आणि खोबरेल घ्यावं की तिळाचं?

खलबत्ता

लोखंडी नको, तांब्याचीही नको. दोन्ही धातू तेल खवट व्हायला हातभार लावतात. लोखंडात आवळा काळाभोर होतो आणि तेल गडद दिसतं, त्यामुळे 'चांगलं उतरलं' असं वाटतं. तो रंग आवळ्यातल्या तुरट द्रव्याचा आणि लोहाचा आहे, औषध जास्त उतरल्याचा नाही. जाड स्टीलचं पातेलं घ्या.

तेलपाकात ग्रंथांचा कल तिळाच्या तेलाकडे आहे. नुसतं 'तैल' म्हटलं की तिळाचंच धरतात. पण केसांच्या लांबीसाठी खोबरेलाची बाजू भक्कम आहे. त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान, सरळ साखळीचं असल्याने ते केसाच्या आत शिरतं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी केली, सूर्यफूल तेलाने आणि खनिज तेलाने केली नाही. तेव्हा लांबीला खोबरेल. टाळूला काय, ते कोंड्यावर ठरेल.

कडूनिंब

कोंड्याचं मी सांगते, आणि हे जरा ठामपणे सांगते, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

पिवळसर, चिकट, मेणासारखा कोंडा म्हणजे कोरडी टाळू नव्हे. मॅलासेझिया नावाची यीस्ट जातीची बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर असते. तिला लागणारी मेदाम्लं ती स्वतः बनवू शकत नाही, म्हणून टाळूच्या तेलकटपणावर जगते. तुम्ही रात्रभर तेल ठेवता तेव्हा तिचं ताट वाढून ठेवता. त्यात ती तेल फोडून ओलेइक आम्ल सोडते आणि ज्यांची टाळू त्याला संवेदनशील आहे त्यांची त्वचा भराभर सुटते. तेलाने कोंडा दबतो, एक दिवस दिसत नाही, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी तो जास्त असतो.

चरकाने रोज डोक्याला तेल लावणाऱ्याचे केस गळत नाहीत, पिकत नाहीत असं म्हटलं आहे, हे खरं. पण ती निरोगी माणसाची दिनचर्या आहे. आयुर्वेदात कोंड्याला दारुणक असं वेगळं नाव देऊन त्याची चिकित्साही वेगळी सांगितली आहे. दोन्हींची सरमिसळ करू नये.

तर टाळूला तेल चार आठवडे पूर्ण बंद, कोणतंही. केस दर दोन-तीन दिवसांनी धुवायचे. त्यातले आठवड्यातून दोन वेळा 2 टक्के केटोकोनॅझोलचा (बुरशीनाशक औषधाचा) शॅम्पू, टाळूवर लावून पाच मिनिटं थांबून धुवायचा. लावून लगेच धुतला तर पैसे वाया. चार आठवड्यांनी आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कडुनिंबाचा काढा हवा असेल तर जरूर: दोन मुठी पाला, एक लिटर पाणी, दहा मिनिटं उकळून, गार करून, गाळून शेवटचं पाणी म्हणून डोक्यावरून घ्यायचा. खाज निवते. चिकट कोंडा एकट्या काढ्याने हटेल अशी आशा मात्र धरू नका. लिंबू थेट टाळूवर अजिबात नको. खरवडलेल्या जागी ते झोंबतं, आणि रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात.

नखाने खरवडणं आजच थांबवा.

शेंगा_आणि_टरफलं

शिकेकाईचं थोडक्यात. पुडी थेट लावल्यानेच केस राठ होत आहेत. न विरघळणारे कण केसांत अडकतात, घासताना वरचे खवले उचकटतात, आणि टाळूवर उरलेले कण कोंड्यासारखेच दिसतात. तुमच्या 'कोंड्यातला' काही भाग शिकेकाईचाच असणार.

काढा करा. बिया काढलेल्या शिकेकाईच्या शेंगा 30 ग्रॅम, बिया काढलेली रिठ्याची टरफलं 3-4, आवळकाठी एक चमचा, पाऊण लिटर पाणी. रात्रभर भिजवा, सकाळी 15 मिनिटं मंद उकळा, निवल्यावर हाताने कुस्करा आणि मलमलीतून दोनदा गाळा. बोटांत चोळून बघा: बुळबुळीत लागायला हवं, रवाळ लागता कामा नये. रिठा वाढवला की फेस वाढतो, पण केस कोरडे पडतात. फेसावरून जोर ठरवू नका. डोळे घट्ट मिटा, रिठा फार झोंबतो. काढा फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यानंतर आंबतो.

पाणी कोमट किंवा गार. अंगावर गरम पाणी चालतं, डोक्यावर नको, हे आयुर्वेदाचार्य वाग्भटानेही सांगून ठेवलं आहे. आणि रात्रभर मुरवलेलं वाटीभर तेल या काढ्याने निघत नाही. केसांना तेल दोन चमचेच, कानाखालच्या लांबीला, नहाण्याआधी तासभर.

पाणवठा

केसही गळत आहेत थोडे. त्याची काळजी करावी का? आणि या बिघडलेल्या तेलाचं काय करू? पुन्हा तापवून पाणी उडवलं तर?

कडूनिंब

दिवसाला 50 ते 100 केस जाणं स्वाभाविक. घरची परीक्षा: केस धुतल्याला एक दिवस झाल्यावर 50-60 केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलके ओढा. सहापेक्षा जास्त हातात आले आणि डोक्याच्या दोन-तीन ठिकाणी तसंच झालं तर गळती चालू आहे. मग दोन-तीन महिने मागे जाऊन बघा: मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, खाणं एकदम कमी करणं. केस तेव्हाचा धक्का आत्ता दाखवतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. लोह कमी असेल तर कुठलंही तेल ते भरून काढत नाही.

गोल चाई पडली, टाळूवर जाड चंदेरी खपल्या आल्या, भुवया-कानांमागेही लाली आली, किंवा चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मुलाच्या डोक्यावर तुटक्या केसांचा गोल चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो. त्याला पोटातलं औषध लागतं, आणि तेल-लेपात गेलेले दिवस वाया जातात.

खलबत्ता

पुन्हा तापवू नका. पाणी उडेल, पण कुजलेल्या पाल्यातून जे तेलात उतरलं ते तसंच राहील, आणि तुमच्या टाळूला आधीच खरवडल्याच्या जखमा आहेत. मोरीतही ओतू नका. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं आणि नळी तुंबते. जुन्या कागदात किंवा भुशात टिपून कचऱ्यात टाका. ती प्लास्टिकची बाटलीही सोबत जाऊ द्या, तिचा वास धुऊन जाणार नाही.