मदत हवी आहे: कॅमेऱ्यात आलेलं मांजर वाघाटीच का? आणि अभयारण्यातली नोंद रीतसर कशी करायची?

नमस्कार मंडळी,

सह्याद्रीतल्या एका अभयारण्यात आम्ही काही जण वनविभागाच्या परवानगीने कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) कामात मदत करतो. अभयारण्याचं नाव मुद्दाम देत नाहीये. परवा ओढ्याकाठच्या कॅमेऱ्याचं कार्ड उतरवलं. भेकर, साळिंदर, उदमांजर, गस्तीवरचे गार्ड असं नेहमीचंच सगळं होतं. मध्येच रात्री अडीचच्या सुमाराला सलग काही फोटोंत एक मांजर. फारच लहान.

सोबतचे वनरक्षक दादा बघताक्षणी म्हणाले, "वाघाटी." म्हणजे तांबूस ठिपक्यांचं छोटं रानटी मांजर, इंग्रजीत रस्टी-स्पॉटेड कॅट. त्यांची नजर पक्की आहे, पण इथल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत वाघाटी नाही. तेव्हा एवढ्यावर भागणार नाही.

अडचण अशी की फोटो इन्फ्रारेडचे, म्हणजे कृष्णधवल. ज्या तांबूस ठिपक्यांवरून हिला ओळखायचं त्यांचा रंगच गायब. अंगावर बारीक ठिपके आहेत, पाठीकडे ते ओळीत लागल्यासारखे वाटतात. एका फोटोत कपाळावरून मानेकडे जाणाऱ्या गडद रेषा स्वच्छ दिसतात. शेपटी बरीचशी एकरंगी, पण टोक कारवीच्या झुडपामागे गेलंय. कानांची मागची बाजू कुठेच नाही. शेवटच्या फोटोत ते कॅमेऱ्याच्या इतकं जवळ आलंय की फ्लॅशने पांढरंफटक झालंय.

बिबट मांजर आमच्याकडे आहे, रानमांजरही आहे. एवढ्या पुराव्यावर ही नोंद टिकेल का? टिकली तर कळवायची कुणाला? आणि गटातल्या काही उत्साही मित्रांना फोटो आजच्या आज फेसबुकवर टाकायचा आहे, त्यांना काय सांगू?

प्रतिसाद:
फोटो न बघता बोलतोय, पण वर्णन वाघाटीकडे झुकतंय. बिबट मांजराचे ठिपके मोठे आणि ठळक असतात, इन्फ्रारेडमध्येही उठून दिसतात. शेपटीवरही ठिपके, टोकाकडे कडी. कानामागे काळ्यावर पांढरा डाग. तुमच्याकडे कान नाहीत, म्हणून सगळी भिस्त शेपटीवर. ती झुडपात शिरेपर्यंत जेवढी दिसते तेवढ्या भागाचा ब्राइटनेस कमीजास्त करून बघा. मूळ फाइलला मात्र हात लावू नका, प्रतीवर प्रयोग करा.

रानमांजराचं पिल्लू ही शंका लोक हमखास काढतात, आणि ती रास्त आहे. लहानपणी त्यांच्या अंगावरही पट्टे-ठिपके असतात, मोठेपणी विरतात. पण रानमांजराची शेपटी आखूड, तिच्यावर काळी कडी आणि टोक काळं. अभयारण्यात गाव असेल तर पाळीव मांजराचाही विचार करावाच लागेल.

प्रतिसाद:
रंग नाही तर आकार धरा. वाघाटीचं डोकं-धड मिळून साधारण ३५ ते ४८ सेंमी, वजन दीड किलोच्या आसपास किंवा कमीच. कॅमेरा जागेवरून हलवला नसेल तर फार सोपं आहे. दर १० सेंमीवर रंगाचा पट्टा मारलेली काठी घ्या, प्राणी नेमका जिथे उभा होता तिथे रोवा आणि त्याच कॅमेऱ्याने फोटो काढा. फोटोतला दगड किंवा मूळ खुणेला धरा. काठी हातभर पुढेमागे झाली तरी माप फसतं. पूर्ण वाढलेल्या बिबट मांजराचा प्रश्न यातच बहुतेक निकालात निघेल. पिल्लाचा निघणार नाही, तिथे शेपटीच बघावी लागेल.

धागाकर्ता:
कॅमेरा अजून तिथेच आहे, उद्याच दादांबरोबर जाऊन काठी लावतो. शेपटीवर कडी दिसत नाहीत, निदान दिसणाऱ्या भागावर तरी नाहीत. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला होता, वाघ-बिबट्याच्या हिशोबाने.

प्रतिसाद:
मग मांजर मिळालं हेच नशीब. लहान प्राण्यांसाठी जमिनीपासून वीतभर, फार तर ३० सेंमी. यादीत नाव नसण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं. 'अभयारण्यातली पहिली नोंद' असं लिहायची घाई नको. विभागाकडे जुन्या कॅमेरा ट्रॅपिंगचे फोटो पडून असतात, त्यात 'रानमांजर' किंवा 'अनोळखी' म्हणून ठेवलेली चित्रं आधी चाळायला मागा. नेपाळमध्ये ही जात आहे हेसुद्धा २०१२ मध्ये तिथल्या बर्डिया राष्ट्रीय उद्यानातल्या कॅमेऱ्यांमुळेच कळलं, तोवर भारत आणि श्रीलंकेपुरतीच मानत होते.

कळवायचं आधी आरएफओंना (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना) आणि त्यांच्यामार्फत उपवनसंरक्षकांना, लेखी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली अभयारण्यातला अभ्यास आणि छायाचित्रण परवान्यावर चालतं. तुमच्या परवान्यात फोटो प्रसिद्ध करायची मुभा आहे का, हे नीट वाचा. कॅमेरा विभागाचा असेल तर फोटोही त्यांचाच धरून चाला. टिपणात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, अधिवास आणि कॅमेऱ्याचं मॉडेल येऊ द्या. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का तेही तपासा, बॅटरी बदलताना ते बरेचदा मागे जातं. टिपण 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' किंवा 'कॅट न्यूज'ला पाठवता येईल. वनरक्षक दादांचं नाव लेखकांत असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, आभारात नव्हे.

प्रतिसाद:
फेसबुकबद्दल: नको. वाघाटी त्याच अधिनियमाच्या शेड्यूल १ मधली, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेली आहे, आणि फोटोमागचा ओढा ओळखणारे लोक निघतात. पुढे परवानगी मिळाल्यावर आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकाल तेव्हा ठिकाण 'अस्पष्ट' ठेवा, म्हणजे बिंदू साधारण ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही दिसतो. कार्ड बघताना मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला नाही ना, ते मात्र आजच विचारा.

धागाकर्ता:
एकाने फिरवलाय. गटातून काढायला लावला. काठीचे फोटो आले की शेपटीच्या भागासकट मोजमाप इथे लिहीन. वाघाटीची असते तशी शेपटी डोक्या-धडाच्या निम्मी भरते का, ते मोजताना वाकलेली शेपटी कशी धरायची हे कुणी सांगेल का?

प्रतिसाद:
वळणावर छोटे सरळ तुकडे पाडून बेरीज करा. टोक दिसत नाही, तेव्हा 'किमान एवढी' असंच लिहा.