ढेकूण कुणाचे?

"ढेकूण भाडेकरूच्या सामानातून येतात, खर्च त्यानेच करावा" असं भाड्याच्या घरांबद्दल म्हटलं जातं, ते सरसकट पटत नाही. पुण्यात आम्ही फर्निश्ड फ्लॅट घेतला. तिसऱ्या दिवशी मालकांच्याच दिवाणाची फळी उचलली, तर खाचेत काळे ठिपके आणि वाळक्या काती. तीन दिवसांत एवढं होत नाही. फोटो पाठवल्यावर निम्मा खर्च मालकांनी दिला, पण फवारणी एकदाच करून घेतली. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, ती साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात. महिन्याभरात मुलीच्या पाठीवर पुन्हा ओळीने गांधी. त्यामुळे दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच, आणि दोन्हींचे पैसे कोण देणार हे लिव्ह अँड लायसन्स करारातच लिहून घ्या.