दोघांना एकदमच कोविड झाला, मी ठणठणीत आणि बायकोचं डोकं अजून चालेना, असं का?

२०२१ च्या एप्रिलात एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आलो. मला ऑक्सिजन लागला, ११ दिवस अ‍ॅडमिट होतो, ती घरीच, नुसता ताप आणि वास गेलेला. आता मी एकदम ओके पण तिला बोलता बोलता शब्दच सापडत नाही, परवा किसणी हातात धरून "अरे ते हे दे ना, ते" करत उभी राहिली आणि रडायलाच लागली. गणित शिकवते हो ती शाळेत. डॉक्टर म्हणतात वय ४६, पाळी जायची वेळ, टेन्शन घेऊ नका. एवढंच असेल का?

नीरा_काठ
दादा, एवढ्यावर सोडू नका. सिरियस कोविड आणि मृत्यू पुरुषांत जास्त झाले पण लाँग कोविड, म्हणजे कोविड गेल्यावरही महिनोन्‌महिने राहणारा त्रास, बायकांत जास्त. २०२५ ला अमेरिकेतला मोठा अभ्यास आला त्यात बायकांना धोका ३१ टक्के जास्त निघाला, आणि चाळिशी ते पंचावन्नच्या मधे सगळ्यात जास्त. कारण अजून पक्कं नाही, बायकांची इम्युनिटी जोरात लढते आणि कधी स्वतःच्याच शरीरावर उलटते असा अंदाज आहे. ब्रिटनमध्ये ७८५ जणांचे मेंदूचे स्कॅन आधीचे आणि नंतरचे ताडून बघितले, कोविड झालेल्यांत वासाशी जोडलेला भाग जरा जास्त आक्रसलेला होता, आणि त्यातले बहुतेक घरीच बरे झालेले.

चहाबाज
पुरुषांनाही होतं हो, आम्ही सांगत नाही एवढंच. मी दोन वर्षं गाडी कुठे लावली ते विसरायचो आणि घरी कामाचा लोड आहे म्हणायचो. आणि इन्फेक्शननंतर हातापायातली ताकद जाते तो जीबीएस तर पुरुषांतच जास्त, पायाला मुंग्या येऊन चालताना पाय लटपटले तर लगेच हॉस्पिटल गाठा.

शुभा_ताई
मीही यातून गेलेय. बी१२, थायरॉईड, हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या, माझं बी१२ फार कमी निघालं, इंजेक्शनं घेतल्यावर थोडा फरक पडला, सगळा नाही. बरं वाटतंय म्हणून एके दिवशी सगळं घर आवरलं की पुढचे दोन दिवस उठवायचं नाही मला, म्हणून कामं तोडून तोडून करते. आणि शब्द अडला की तुम्ही लगेच पुरवू नका, थांबा जरा, तिचा तिला सापडू दे.

प्रश्नकर्ता
ताई, शेवटचं मी रोज करतो, शब्द पुरवतो. तिला हे सगळं वाचून दाखवलं, म्हणाली "म्हणजे मी वेडी नाहीये ना". उद्या सकाळी रक्त द्यायला जातोय.