टेम्प्लेट लागत नाही, त्याचं कारण बहुधा नेमस्पेस
प्रश्न असा होता, की एक्सएसएलटीत (एक्सएमएल फाइलीचं रूपांतर करणारी भाषा) लिहिलेलं टेम्प्लेट, म्हणजे ठरावीक एलिमेंटसाठीचा नियम, लागतच नाही आणि नुसता मजकूर उमटतो. टेम्प्लेट न जुळल्यास एक्सएसएलटीचे अंगभूत नियम लागतात आणि टॅग गळून नुसता मजकूर सलग उमटतो, हे आधीच्या उत्तरातलं स्पष्टीकरण बरोबर आहे. पण त्यावर सुचवलेला फॉर-ईचचा (पाथने निवडलेल्या प्रत्येक एलिमेंटवर तेच काम करणारी सूचना) उपाय पटत नाही. तिथेही तोच पाथ जुळणार नाही आणि काहीच उमटणार नाही. मूळ एक्सएमएल एकदा उघडून पाहा. ॲटम फीडसारख्या (संकेतस्थळावरच्या नव्या नोंदींची यादी) फाइलीत मुळाच्या एलिमेंटवरच डिफॉल्ट नेमस्पेस असते, म्हणजे आतली नावं कुठल्या संचातली हे सांगणारा यूआरआय (पत्त्यासारखी ओळख). एक्सपाथ १.० मध्ये (हे पाथ लिहिण्याची भाषा) बिनप्रीफिक्सचं, म्हणजे आधी नेमस्पेसचं छोटं नाव न लावलेलं, 'एंट्री' म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं 'एंट्री'. नाव तेच दिसतं, एलिमेंट मात्र वेगळं.

स्टाइलशीटच्या (तुमच्या एक्सएसएलटी फाइलीच्या) मुळाशी त्याच यूआरआयला एखादा प्रीफिक्स द्या, कुठलाही चालेल, पण यूआरआय अक्षरशः तोच हवा, शेवटची तिरकी रेघसुद्धा. मग मॅच आणि सिलेक्टमधल्या पाथच्या प्रत्येक एलिमेंटला तो प्रीफिक्स लावा. पाथमधला एक जरी सुटला तरी सगळं अडतं. बिनप्रीफिक्सच्या ॲट्रिब्यूटना डिफॉल्ट नेमस्पेस लागू होत नाही, त्यांना मात्र लावू नका. २००७ च्या एक्सएसएलटी २.० मध्ये यासाठी एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेस ही सोय आली, पण एक्सएसएलटीप्रॉक हा कमांडलाइनवरचा प्रोग्राम फक्त १.० चालवतो.